इंग्लंडहून किट कार आणून नाशिकला पासिंग करता येईल का?

अंबड_टूलरूम (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी अंबडला टूलरूममध्ये काम करतो. डाय-फिक्श्चर हेच आयुष्य. मोठा भाऊ कॉव्हेंट्रीजवळ राहतो. आम्हा दोघांना लहानपणापासून स्वतःच्या हाताने गाडी बांधायची आहे. आता दादाकडे पैसे साठलेत आणि माझ्याकडे जागा आहे, तर विषय गंभीरपणे निघाला आहे.

डोक्यात आहे ती लोटस सेव्हनच्या घराण्यातली दोन सीटर. कॉलिन चॅपमनने १९५७ साली काढली होती, १९७३ पासून केटरहॅम कंपनी बनवते. पाइपांची फ्रेम, वर ॲल्युमिनियमचा पत्रा, इंजिन, गिअरबॉक्स, वायरिंग असं सगळं सुटं खोक्यांत येतं आणि आपण जोडायचं. दादा म्हणतो, किट बोटीने पाठवतो, सुट्टीला आलो की दोघं मिळून बांधू.

विचारायचं एवढंच : कस्टममध्ये हे काय म्हणून धरतात, सुटे भाग की गाडी? जोडून झाल्यावर पेठ रोडच्या आरटीओत नेली तर एमएच-१५ चा नंबर पडेल का? विमा कोण देईल? कोणी असं काही केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. पैसे भरण्याआधी नीट कळून घ्यायचं आहे.

कॉलेजरोड_रायडर

काय भारी विचार आहे भाऊ! ती गाडी मी फक्त व्हिडिओत पाहिली आहे. धागा फॉलो करतोय. एजंट चांगला पकडला की पासिंग होऊन जातं, टेन्शन नका घेऊ.

पेठरोड_निवृत्त

कॉलेजरोड, या कामात एजंटच्या हातात काही नाही. मी मोटार वाहन निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. संध्याकाळी सविस्तर लिहितो. अंबड, तोवर भावाला एक रुपयाही भरू देऊ नका.

उरण_बंदर

कस्टमचं मी सांगतो. आमचं घर सिडकोतलं, पण नोकरी न्हावाशेव्याला, क्लिअरन्सच्या कामात.

सुटे भाग की गाडी, याचं उत्तर वर्गीकरणाच्या नियमांतच आहे. सर्वसाधारण अर्थनिर्णयाचा नियम २(अ) असं सांगतो की एखादी वस्तू अपूर्ण असली किंवा न जोडलेली असली, तरी तिच्यात पूर्ण वस्तूचं मुख्य स्वरूप आलं असेल तर ती पूर्ण वस्तू म्हणूनच धरायची. हा नियम जगभर एकच आहे, आपण एकट्याने केलेला नाही. म्हणजे फ्रेम, इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सल, बॉडी असा संच एकत्र आला की ते ८७०८ खालचे सुटे भाग राहत नाहीत, ती ८७०३ खालची मोटार होते. खोकी किती आहेत याला महत्त्व नाही.

आणि एकदा मोटार ठरली की तिच्यावर आयात धोरणाच्या अटी लागतात. स्टिअरिंग उजवीकडे हवं, स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये हवा, हेडलाइटचा झोत डावीकडून चालणाऱ्या रहदारीला जुळणारा हवा. इंग्लंडची किट असल्याने पहिली आणि तिसरी अट सुटेल, मीटर बदलावा लागेल. ठरावीक बंदरांतूनच आणता येते, त्यात न्हावाशेवा आणि मुंबई आहेत. इथवर जमेल. पण नव्या गाडीला प्रकार-मान्यतेचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते कारखान्यातून तयार होऊन निघालेल्या मॉडेलला मिळतं. खोक्यातल्या किटला ते नसतं. गाडं इथे अडतं.

मोठ्या कंपन्या सीकेडी, म्हणजे पूर्ण सुटी केलेली गाडी आणतात, त्यांना शुल्क कमी का, असं पुढे कोणीतरी विचारेल म्हणून आत्ताच सांगतो. ती सवलत शुल्काच्या दराची आहे. त्या कंपनीने इथे ते मॉडेल आधी मान्य करून घेतलेलं असतं, कारखाना असतो. नुसतं सुटं आणलं म्हणून नंबर पडत नाही.

अंबड_टूलरूम

उरण, मनापासून धन्यवाद. एक शंका. दादाचा मित्र म्हणतो, फ्रेम आधी मागव, सहा महिन्यांनी इंजिन, मग बॉडी, प्रत्येक वेळी वेगळं बिल. मग तर सुटेच भाग होतील ना?

उरण_बंदर

हा सल्ला तुमच्या दादाच्या मित्राने चांगल्या मनाने दिला असेल, पण तो ऐकू नका. एकच पुरवठादार, एकच आयातदार, आणि सगळं मिळून एक गाडी होते हे दिसलं की अधिकारी मागची बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयातीची घोषणापत्रं उघडतात. चुकीचं घोषणापत्र म्हणजे सीमाशुल्क कायदा १९६२ चं कलम १११. माल जप्त होऊ शकतो. कलम १२५ खाली दंड भरून सोडवता येतो, तोसुद्धा सोडला तर. तोवर बंदरातलं भाडं चढत राहतं.

शिवाय पैसे वाचवायला वापरलेलं इंजिन घ्यायचा विचार असेल तर तोही सोडा. भांडवली यंत्रसामग्री वगळता इतर जुना माल आपल्याकडे प्रतिबंधित यादीत आहे, आधी परवाना लागतो. आणि पूर्ण जुनी मोटार आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नको, ती फक्त मुंबई बंदरातून.

कागद खरा ठेवला तर कस्टमला तुमच्याशी काही वैर नाही. माझ्या टेबलावरून अशी खोकी गेली आहेत ज्यात माणसाचा सगळा जीव होता, आणि ती वर्षभर शेडमध्ये पडून राहिली. तसं तुमचं व्हायला नको.

पेठरोड_निवृत्त

आता आरटीओचं. जरा लांब लिहितो, कारण अर्धवट माहितीवर लोक लाखो रुपये घालतात.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ३९ : नोंदणीशिवाय गाडी रस्त्यावर आणायची नाही. नोंदणीला काय लागतं ते केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम ४७ मध्ये आहे. फॉर्म २० म्हणजे अर्ज, फॉर्म २१ म्हणजे विक्रीचा दाखला, फॉर्म २२ म्हणजे गाडी प्रदूषण आणि सुरक्षेच्या निकषांत बसते आणि रस्त्यावर चालवायला योग्य आहे याचा दाखला. आयात गाडीला वर कस्टमचा दाखला. यातला फॉर्म २२ तुम्हाला कोण देणार? तुम्ही स्वतः देऊ शकत नाही. दादाही देऊ शकत नाही.

फॉर्म २२ च्या मागे उभा आहे नियम १२६. प्रत्येक उत्पादकाने किंवा आयातदाराने आपल्या मॉडेलचा नमुना मान्यताप्राप्त संस्थेकडे चाचणीला द्यायचा. आपल्या जवळच्या म्हणजे पुण्याची एआरएआय आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई. आणखी मानेसरला आयकॅट आहे, पिथमपूरला नॅट्रॅक्स आहे. तिथून प्रकार-मान्यतेचं प्रमाणपत्र मिळतं. मग उत्पादक त्या मॉडेलची माहिती वाहन पोर्टलवर चढवतो. आरटीओतला कारकून नोंदणी करताना ते मॉडेल यादीतून निवडतो. तुमची गाडी त्या यादीत नसेल तर साहेबाची कितीही इच्छा असली तरी पुढचं पान उघडत नाही. म्हणून मी वर म्हणालो की एजंटचा इथे काही उपयोग नाही.

मग एका गाडीसाठी एआरएआयला जावं का? नियमात एक गाडी आणि एक लाख गाड्या असा फरक प्रवासी मोटारीसाठी केलेला नाही, नमुना तोच. एप्रिल २०२० पासून बीएस-६. एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं. जुलै २०१९ पासून ड्रायव्हरची एअरबॅग, सीटबेल्टची सूचना, वेगाची सूचना, मागचे पार्किंग सेन्सर. पुढे शेजारच्या सीटचीही एअरबॅग आली. एआयएस-०९८ खाली समोरून धडक चाचणी, एआयएस-०९९ खाली बाजूने. या चाचण्यांत गाडी मोडते. तुमच्याकडे एकच गाडी आहे.

हे वाचून वाईट वाटेल हे कळतं. मला स्वतःला हाताने बांधलेल्या गोष्टीबद्दल फार आदर आहे. पण खरं काय ते आधी समोर असलेलं बरं.

सातपूर_फॅब्रिकेशन

काका, एक मार्ग आहे ना. भंगारातली जुनी जीप किंवा जिप्सी घ्यायची, आरसी चालू असलेली. तिच्या आरसीवर ही गाडी उभी करायची. हरियाणात मंडी डबवालीला लोक जीप बांधून घेतातच की.

पेठरोड_निवृत्त

सातपूर, हे कोणीही करू नये. मी नोकरीत असताना अशा गाड्यांचे पंचनामे केले आहेत.

कलम ५२ म्हणतं की नोंदणी पुस्तकात उत्पादकाने दिलेली जी मूळ माहिती आहे, तिच्याशी न जुळणारा बदल गाडीत करायचा नाही. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने के. जयचंद्र यांच्या प्रकरणात हेच ठाम केलं : मूळ रचनेपासून वेगळी झालेली गाडी नोंदवता येणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२अ आलं. त्यात मालकाने बेकायदा बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही. आणि चेसिस नंबर कापून दुसऱ्या फ्रेमवर जोडला तर तो मोटार कायद्याबाहेरचा, फौजदारी गुन्हा आहे.

दंडाचं सोडा. उद्या सिन्नर घाटात कोणी आडवं आलं आणि जीव गेला, तर विमा कंपनी पहिल्यांदा गाडी पाहील. आरसीवर जिप्सी, समोर भलतंच काही. मग त्या माणसाच्या घरच्यांना भरपाई कोण देणार? तुमचं घर विकूनही ती पुरणार नाही.

सातपूर_फॅब्रिकेशन

समजलं काका. ही बाजू माझ्या लक्षात आली नव्हती. शब्द मागे घेतो.

गंगापूररोड_आजी

माझ्या यजमानांची जुनी फियाट आहे, म्हणून विचारते. हल्ली जुन्या गाड्यांना वेगळी नंबरप्लेट मिळते म्हणतात. ही सेव्हन तर १९५७ ची ना? मग त्या नियमात बसणार नाही का?

पेठरोड_निवृत्त

आजी, चांगला प्रश्न विचारलात. जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी नियम ८१अ पासून पुढचे नियम आले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांपेक्षा जुनी गाडी असेल तर 'व्हीए' मालिकेत नोंद होते. म्हणजे महाराष्ट्रात एमएच, मग व्हीए, मग दोन अक्षरं आणि चार आकडे. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार, मुदत दहा वर्षं, पुन्हा करायला ५ हजार. पण चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल झालेला चालत नाही. सेव्हनचं रूप १९५७ चं असलं तरी दादाची किट आजची आहे, ती यात नाही. तुमची फियाट मात्र मूळ रूपात असेल आणि वय बसत असेल तर नक्की विचार करा. एक लक्षात घ्या, व्हीए प्लेटवर रोजच्या वापराला गाडी काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, तांत्रिक संशोधन एवढ्यासाठीच.

गंगापूररोड_आजी

रोज कोण काढणार हो, वर्षातून एकदा सोमेश्वरापर्यंत नेली तरी पुरे होती. आता हे घरात बोलते.

लेस्टरचा_नाशिककर

उशिरा आलो. मूळचा पंचवटीतला, आता लेस्टरला. मी इथे अशीच गाडी बांधून रस्त्यावर आणली आहे, म्हणून इथली पद्धत लिहितो. तुमच्या दादाला उपयोगी पडेल.

ब्रिटनमध्ये किट कारची परंपराच आहे. चॅपमनच्या काळात तयार गाडीवर खरेदी कर लागायचा, सुट्या संचावर नाही. म्हणून लोक घरी गाड्या बांधायचे. १९७३ ला व्हॅट आला आणि ती करसवलत संपली, पण बांधण्याची सवय राहिली. आणि सरकारने ती बंद केली नाही, तिला एक दार ठेवलं.

त्याला आयव्हीए म्हणतात, म्हणजे एकेका गाडीची स्वतंत्र मान्यता. २००९ पासून. त्याआधी एसव्हीए होतं. तुम्ही गाडी बांधता, सरकारी चाचणी केंद्रात वेळ घेता, आणि निरीक्षक तुमची एकच गाडी घेऊन बसतो. ती धडकवून मोडत नाहीत. त्याऐवजी तपासतात ते असं : अंगाला लागू शकेल अशी प्रत्येक बाहेरची कड किमान अडीच मिलिमीटर त्रिज्येने गोल हवी. कोणती कड 'लागू शकते' हे ठरवायला १०० मिलिमीटर व्यासाचा गोळा फिरवतात, तो जिथे टेकतो ती प्रत्येक जागा मोजतात. आतल्या डॅशबोर्डसाठी १६५ मिलिमीटरचा गोळा, साधारण डोक्याच्या मापाचा. सीटबेल्टचे आधार. आरसे. मागचा फॉग लाइट. ब्रेक मारल्यावर मागची चाकं पुढच्यांच्या आधी जाम होता कामा नयेत. स्पीडोमीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवायचा नाही. आणि वळणातून बाहेर येताना स्टिअरिंग आपोआप सरळ व्हायला हवं. सेव्हनसारख्या हलक्या गाड्या बऱ्याचदा इथेच अडतात, मग चाकांचे कोन पुन्हा जुळवायचे.

धुराच्या बाबतीत इंजिन कोणत्या सालचं हे कागदाने सिद्ध केलं तर त्या सालचा निकष लावतात. पास झालात की प्रमाणपत्र, ते डीव्हीएलएला, म्हणजे इथल्या वाहन नोंदणी खात्याला पाठवायचं, सोबत प्रत्येक भागाचं बिल आणि बांधतानाचे फोटो. सगळे भाग नवे असले, फार तर एखादा नव्यासारखा करून घेतलेला, तर चालू वर्षाचा नंबर मिळतो. गाडीचं वय किंवा ओळख कागदावर सिद्ध होत नसेल तर 'क्यू' अक्षराची प्लेट, म्हणजे बघणाऱ्याला कळावं की या गाडीच्या मुळाची खात्री नाही.

अंबड, टूलरूमवाल्या माणसाला ही चाचणी फार आवडेल. त्रिज्या, कोन, अंतर, सगळं मापात.

अंबड_टूलरूम

लेस्टर, हे वाचताना हात शिवशिवायला लागले. अडीच मिलिमीटरची त्रिज्या आम्ही रोज फिरवतो. मग मला खरोखर कळत नाही की आपल्याकडे अशी सोय का नसावी. एका गाडीची तपासणी करायला काय हरकत आहे?

द्वारका_रोज

हरकत आहे, आणि मी ती गांभीर्याने मांडतो. मी रोज द्वारकेवरून मुंबई नाक्याकडे दुचाकीवर जातो. आधीच ट्रॅक्टरला ट्रॉली, रिक्षेला चार जादा माणसं, बंपरला लोखंडी गार्ड. नियम कडक आहेत म्हणून निदान नव्या गाडीत एअरबॅग आली, एबीएस आलं. ही सगळी मिळवायला खूप वर्षं लागली. एकदा 'घरी बांधलेली' असं दार उघडलं की त्यातून तुमच्यासारखा कसबी माणूस एक येईल आणि वेल्डिंग मशीनवाले शंभर. त्यांना कोण थांबवणार?

पेठरोड_निवृत्त

द्वारका, तुमच्या म्हणण्यातला पहिला भाग मी नोकरीभर डोळ्यांनी पाहिला आहे, म्हणून तो मान्य. पण निष्कर्ष मान्य नाही. आज दार बंद आहे म्हणून वेल्डिंगवाले थांबलेत का? ते सातपूरने वर सांगितलेल्या मार्गाने जातात, जुन्या आरसीवर. म्हणजे ज्याला लपवायचं आहे तो रस्त्यावर आहेच, तपासणीशिवाय. आणि जो उघडपणे विचारतो, बिलं दाखवायला तयार आहे, तो बाहेर.

मला वाटतं मार्ग आपल्याच नियमांत अर्धा तयार आहे. व्हीए मालिका बघा. पन्नास वर्षांपूर्वीच्या गाडीत एअरबॅग आहे का? एबीएस आहे का? नाही. तरी सरकारने तिला जागा दिली, कारण वापराला कुंपण घातलं : रोज चालवायची नाही, ठरावीक कारणांसाठीच काढायची, प्लेट वेगळी. तेच कुंपण घरी बांधलेल्या गाडीलाही घालता येईल. वर्षाला ठरावीकच गाड्या, प्रत्येकीची एआरएआय किंवा व्हीआरडीईत एकेकटी तपासणी, लेस्टरने लिहिलं तशी. इंजिन मात्र चालू निकषाचं, प्रमाणपत्र असलेलं. ब्रेक, दिवे, बेल्टचे आधार, कडा, आवाज. नंबरप्लेट वेगळ्या मालिकेची, वापर मर्यादित. शंभर वेल्डिंगवाल्यांना ही तपासणीच थांबवेल, कारण पहिल्या ब्रेक चाचणीतच त्यांची गाडी परत जाईल.

कलम २१२ प्रमाणे असा नियम करायचा तर मसुदा आधी राजपत्रात प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती-सूचना मागवाव्याच लागतात. दुसऱ्या कुठल्याही मसुद्यावर आपण गप्प बसतो. रस्ते वाहतूक मंत्रालयाला मी निवृत्तीनंतर या विषयावर लिहिलं आहे, पुन्हा लिहीन. अंबड, तुमच्यासारख्यांनी लिहिलं तर ते जास्त नेमकं होईल, कारण माप तुम्हाला कळतं.

द्वारका_रोज

वेगळी प्लेट, मर्यादित वापर आणि खरी चाचणी, या तिन्ही अटी एकत्र असतील तर माझा विरोध नाही. एक जरी गळली तरी आहे.

कॉलेजरोड_रायडर

भारत-ब्रिटन करार झाला ना २०२५ मध्ये? त्यात गाड्या स्वस्त होणार होत्या. त्याने काही फरक?

उरण_बंदर

२४ जुलै २०२५ ला करारावर सह्या झाल्या. त्यात ब्रिटिश गाड्यांवरचं शुल्क कोट्यापुरतं टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत खाली आणायचं ठरलं आहे. पण तो शुल्काचा विषय. शुल्क शून्य झालं तरी नियम १२६ तिथेच राहतो. लोक या दोन गोष्टी नेहमी एकत्र करतात.

नाशिकरोड_नितीन

मला असं वाचल्याचं आठवतं की काही परदेशी गाड्या इथे चाचणी न करता येतात. मग केटरहॅमची तयार गाडीच का आणू नये?

पेठरोड_निवृत्त

सप्टेंबर २०१८ ची अधिसूचना. युरोपीय किंवा जपानी निकषांचं प्रमाणपत्र असलेल्या, उजव्या स्टिअरिंगच्या गाड्या उत्पादक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी वर्षाला २५०० पर्यंत इथे आणू शकतो, पुन्हा पूर्ण चाचणी न करता. उत्पादकाने मनावर घेतलं तर ते होऊ शकतं. एकट्या ग्राहकाच्या हातात नाही, आणि घरी बांधलेल्या किटला तर नाहीच. आली तरी शुल्क, जीएसटी, आणि महाराष्ट्रात आयात गाडीला २० टक्के रस्ता कर. आणि अंबड यांना तयार गाडी नकोच आहे, त्यांना बांधायची आहे.

कॉलेजरोड_रायडर

त्या सेव्हनच्या एका मॉडेलला सुझुकीचं इंजिन असतं म्हणे. मग मारुतीच्या शोरूममध्ये पार्ट मिळतील की!

लेस्टरचा_नाशिककर

सेव्हन १७०. तीन सिलिंडर, ६६० सीसी, टर्बो, गाडीचं वजन जेमतेम ४४० किलो. पण ते जपानच्या छोट्या गाड्यांसाठीचं इंजिन आहे, मारुती आपल्याकडे विकते त्यातलं नाही. पार्ट मिळणार नाहीत.

अंबड, एक सुचवू का? दादाला तिथेच बांधू दे. तुम्ही सुट्टी काढून या. तिथे आयव्हीए करून नंबर घ्या. मग कधी हौस वाटली तर ती इंग्लंडची नोंदणीकृत गाडी म्हणून थोड्या काळासाठी भारतात नेता येते. कार्नेट काढून लोक लंडनहून मुंबईपर्यंत गाडी चालवत गेले आहेत.

पेठरोड_निवृत्त

बरोबर. परदेशी नोंदणीच्या खाजगी गाड्यांसाठी २०२२ चे वेगळे नियम आहेत. मूळ नोंदणी, परवाना, विमा, पीयूसी गाडीत ठेवायचं. पण कार्नेट म्हणजे गाडी परत नेण्याची हमी आहे. मुदतीत परत गेली नाही तर पूर्ण शुल्क वसूल होतं. आणि गाडी दादाच्या नावावर, चालवायची दादानेच. ती इथे ठेवून घ्यायचा विचार मनात आणू नका.

त्र्यंबकरोड_रॅली

रॅलीच्या बाजूने थोडं. आपलं नाशिक रॅलीचं गाव. रॅली ऑफ महाराष्ट्र, राष्ट्रीय स्पर्धेची फेरी इथे व्हायची, आम्ही शाळा बुडवून बघायला जायचो. अंबडभाऊ, तुमचा आनंद बांधण्यात असेल तर किट मागवताच कशाला? तुमच्या हातात टूलरूम आहे. फ्रेम इथेच बांधा, इथलंच नवं इंजिन बिलासकट घ्या. रस्त्यासाठी नाही, बंद ट्रॅकसाठी. ट्रॅकवर नोंदणी लागत नाही. ट्रेलरवर टाकून न्यायची. चेन्नई, कोइम्बतूर, ग्रेटर नोएडा इथे ट्रॅक आहेत, ऑटोक्रॉस, म्हणजे घड्याळ लावून घेतलेली छोटी शर्यत, तर मोकळ्या मैदानावर होते.

फक्त एक. घरापासून ट्रेलरपर्यंतसुद्धा सार्वजनिक रस्त्यावर स्वतःच्या इंजिनवर चालवायची नाही. विनानोंदणी गाडीला कलम १९२ खाली पहिल्या वेळी पाच हजारांपर्यंत दंड, दुसऱ्यांदा दहा हजारांपर्यंत, आणि कलम २०७ खाली पोलीस ती जागेवर ताब्यात घेऊ शकतात.

सातपूर_फॅब्रिकेशन

याला मी आहे. पाइप बेंडिंग आणि टिग वेल्डिंग माझ्याकडे करा, मजुरी नको. इंजिनिअरिंगची पोरं सुप्रा आणि बाहा स्पर्धेच्या गाड्यांचे रोल केज, म्हणजे गाडी उलटली तरी आतला माणूस वाचावा म्हणूनचे पाइपांचे पिंजरे, माझ्याकडूनच करून नेतात. पाइपची भिंत किती जाड लागते, कुठे तिरका आधार द्यायचा, हे तिथे तपासणारे फार कसून बघतात. ते शिकलोय.

अंबड_टूलरूम

मंडळी, काल रात्री दादाशी लांब बोलणं झालं. हा सगळा धागा त्याला वाचून दाखवला. किट तो तिथेच मागवणार आहे, त्याच्याच गॅरेजमध्ये. मी फ्रेम आणि सस्पेन्शन जोडायच्या वेळी रजा घेऊन जाणार. आयव्हीएच्या दिवशीही तिथे असायचा प्रयत्न करणार, तो गोळा फिरवताना मला बघायचा आहे. बिलं आणि फोटोंची फाइल पहिल्या दिवसापासून ठेवायला सांगितली आहे.

इकडे सातपूर आणि मी ट्रॅकसाठी फ्रेम घेतोय. इंजिन इथलं, नवं, बिलासकट. त्र्यंबकरोड, ऑटोक्रॉसला घरी बांधलेली गाडी कोणत्या वर्गात घेतात?

आणि पेठरोड काका, तुमचं मंत्रालयाला लिहिलेलं पत्र मला पाठवा. त्याला तपासणीचा तक्ता मी जोडतो : कुठली कड, किती त्रिज्या, कशाने मोजायची, कोणत्या संस्थेत ते मोजण्याची साधनं आधीच आहेत. द्वारका, तुमच्या तीन अटी पहिल्या पानावर घालतोय, वाचून बघा बरोबर आल्यात का.

त्र्यंबकरोड_रॅली

वर्ग स्पर्धेगणिक ठरतो, त्यामुळे त्या त्या स्पर्धेची नियमपत्रिका फ्रेम कापायच्या आधी मागवा. एफएमएससीआय, म्हणजे देशातल्या मोटार शर्यतींची संघटना, तिचं लायसन्स आधी काढावं लागेल. रोल केज, पाच किंवा सहा टोकांचा बेल्ट, अग्निशामक, बाहेरून बंद करता येणारं बॅटरीचं बटण, हे गृहीत धरूनच फ्रेम आखा, नंतर बसवायला जागा उरत नाही. हेल्मेट प्रमाणित हवं, रस्त्यावरचं चालत नाही.

द्वारका_रोज

पाठवा. वाचून सही करतो.

पेठरोड_निवृत्त

पत्र रविवारी टाइप करून देतो. तक्त्यात पार्किंग ब्रेकची चढावरची चाचणी विसरू नका, ती नेहमी राहून जाते.